रिफ्लक्सच्या ऑपरेशनने ‘लूज व्हॉल्व्ह’ घट्ट होतो का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. वय ४३, ऐरोलीला घर, महापेला नोकरी, दर दुसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. सहा वर्षं पॅन्टोप्राझोल ४० ही आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन. जेवणानंतर छातीत जळजळ, बुटाची नाडी बांधायला वाकलात की आंबट पाणी घशाशी. दोन दिवस गोळी चुकली की सगळं परत. शिवाय पोट फुगतं आणि ढेकर सारखे येतात. स्कोपीच्या रिपोर्टवर ‘लॅक्स एलईएस, छोटा हायटस हर्निया, ग्रेड ए’ असं लिहिलंय आणि सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: व्हॉल्व्ह कायमचा घट्ट होतो का, तुमचा स्वतःचा स्नायू त्यामुळे निकामी होतो का, आणि सासरे म्हणतात तसं नंतर ना ढेकर देता येत ना उलटी होत, हे खरं का.

मी ठाण्यात सर्जन आहे. वीसेक वर्षं पोटाची दुर्बिणीतून होणारी ऑपरेशनं करतोय, त्यात रिफ्लक्सची, म्हणजे जठरातलं आम्ल वर येण्याच्या त्रासाची, बरीच. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ हे इथून सांगणार नाही. पण ऑपरेशनने त्या व्हॉल्व्हचं नेमकं काय होतं, हे पेशंटला नीट समजलेलं नसलं तर पुढे मनस्ताप होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट रिपोर्टवरच्या ‘लॅक्स’ या शब्दाबद्दल. तो वाचून वाटतं की नळाचा वायसर झिजलाय, बदलला की काम झालं. प्रत्यक्षात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला वायसरसारखी वेगळी काढून दाखवता येईल अशी वस्तूच नसते. तिथल्या शेवटच्या तीन-चार सेंटिमीटर भागातला गोल स्नायू सतत थोडा आवळलेला राहतो, साधारण १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. घोट गिळला की काही सेकंद सैल पडतो, घास खाली गेला की पुन्हा आवळतो. याला आम्ही एलईएस म्हणतो. पण तो एकटा नसतो. छाती आणि पोट यांच्यामधला जो स्नायूंचा पडदा, त्याच्या भोकातून अन्ननलिका खाली येते आणि त्या भोकाच्या दोन्ही कडांचे स्नायू तिला बाहेरून चिमटीत धरल्यासारखे धरतात. खोकलात, वाकलात, सिलिंडर उचललात, की नेमकी त्याच क्षणी ही चिमटी आवळते. तिसरी मदत अशी, की अन्ननलिकेचा शेवटचा दोन-तीन सेंटिमीटर भाग पोटात असतो. पोटातला दाब वाढला की तो बाहेरून आपोआप दाबला जातो. आणि चौथी, अन्ननलिका जठराला सरळ नाही तर तिरकी मिळते. तिच्या शेजारी जठराचा वरचा घुमट फुगला की तिथे एक घडी पडते आणि वाट बंद होते.

हायटस हर्निया झाला म्हणजे काय झालं, ते आता लक्षात येईल. जठराचा वरचा थोडा भाग भोकातून छातीत सरकला. स्नायू वर गेला, चिमटी खाली राहिली. दोघं एकाच जागी जोर लावायचे ते आता वेगवेगळ्या मजल्यांवर लावतात. पोटातला आधार गेला, तिरकेपणा गेला. स्नायू स्वतः ठीकठाक असला तरी दार राखलं जात नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी पेशंटना सांगितली जाते, पण तुमच्या ढेकरांचा तिच्याशी थेट संबंध आहे. निरोगी माणसातही हा स्नायू दिवसातून अनेकदा, काही गिळलेलं नसताना, दहा सेकंदांहून जास्त वेळ आपला आपण पूर्ण सैल पडतो. जठराचा घुमट हवेने किंवा अन्नाने ताणला गेला की व्हेगस नर्व्हतून मेंदूकडे संदेश जातो आणि तिथून ‘दार उघड’ असा हुकूम येतो. हवा बाहेर पडते, तोच ढेकर. म्हणजे ही सोय आहे, दोष नव्हे. ज्याला रिफ्लक्सचा त्रास असतो त्याच्यात या उघडझापीच्या वेळी हवेबरोबर आम्लही वर येतं. बहुतेकांमध्ये आम्ल वर येण्याचा मुख्य मार्ग हाच असतो. म्हणून स्नायूचा विश्रांतीचा दाब मोजला तर तो नॉर्मल निघूनही माणूस जळजळीने हैराण असू शकतो. आणि स्कोपी करताना तर आपण हवा भरून जठर फुगवलेलं असतं, पेशंट मधूनमधून उमळत असतो, त्या वेळी दार उघडं दिसलं एवढ्यावरून ‘लॅक्स’ लिहिलं जातं. मी स्वतः त्या एका शब्दावर ऑपरेशनचा निर्णय कधीच घेत नाही.

आता ऑपरेशन. त्याचं नाव फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराच्या घुमटाची घडी घालणं. याची सुरुवात कशी झाली ते सांगण्यासारखं आहे, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. रुडॉल्फ निसेन हे जर्मन सर्जन १९३६ मध्ये इस्तंबूलला काम करत होते. एका तरुणाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण होता, तो भाग काढून त्यांनी अन्ननलिका जठराला जोडली आणि जोड फुटू नये म्हणून जठराचाच भाग भोवती गुंडाळून ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की या माणसाला रिफ्लक्स कधी झालाच नाही. मग १९५५ मध्ये त्यांनी मुद्दाम रिफ्लक्ससाठी ही गुंडाळी केली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून हे ऑपरेशन १९९१ मध्ये बेल्जियममध्ये बर्नार्ड डालमाँय यांनी केलं. बघा, रिफ्लक्ससाठीच्या या गुंडाळीत कोणी त्या स्नायूला हात लावलेला नाही. १९५५ मध्येही नाही आणि आजही नाही.

आम्ही आत नेमकं काय करतो? पोटावर पाच छोटी भोकं, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवलेलं, यकृताचा डावा भाग वर उचलून धरलेला. आधी छातीत सरकलेलं जठर खाली ओढून घ्यायचं आणि अन्ननलिका तिच्या भोवतीच्या पातळ पापुद्र्यातून सोडवत सोडवत किमान दोन-तीन सेंटिमीटर भाग, ओढाताण न करता, पोटात येऊन राहील असं बघायचं. पुढची आणि मागची व्हेगस नर्व्ह जपायची. मग पडद्याचं रुंद झालेलं भोक मागच्या बाजूने दोन-तीन जाड, न विरघळणाऱ्या टाक्यांनी लहान करायचं. त्यानंतर घुमट मोकळा करून अन्ननलिकेच्या मागून पलीकडे न्यायचा. इथे मी दर वेळी एक चाचणी करतो. आंघोळीनंतर पाठ पुसताना टॉवेल मागून दोन्ही हातांत धरून आपण डावी-उजवीकडे ओढतो ना, तसा तो घुमट अन्ननलिकेमागून दोन्ही टोकांनी इकडे-तिकडे सरकवून बघायचा. अडखळत असेल, किंवा हात सोडल्यावर झपकन मागे पळत असेल, तर तो ताणावर आहे. असा ताणावरचा वेढा पुढे त्रास देतो. सोडून दिल्यावर जो निवांत जागेवर पडून राहतो, त्यालाच टाके घालायचे. मी तोंडातून अन्ननलिकेत जाड, मऊ नळी घालूनच वेढा बांधतो, म्हणजे वेढा नळीपेक्षा आवळ होत नाही. वेढ्याची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास. निसेन यांच्या काळात तो बराच लांब आणि आवळ असायचा, माणसांना घास गिळता येईना, म्हणून पुढच्या सर्जननी तो आखूड आणि ढिला करत आणला. थंडीत गळ्याभोवती मफलर असतो तेवढाच सैल.

तर या वेढ्याने एलईएसचं काय होतं, हा तुमचा मूळ मुद्दा. आधी सरकलेला स्नायू पुन्हा चिमटीच्या पातळीवर येतो आणि पोटातल्या दाबाच्या हद्दीत येतो. टाक्यांमुळे चिमटी जवळ येते, तिरकेपणा परत तयार होतो. वेढा जठराचाच असल्याने जठरात दाब वाढला की वेढ्यातही वाढतो आणि अन्ननलिका तेवढ्याच प्रमाणात दाबली जाते. म्हणजे तुम्ही वाकलात की आवळणारा, सरळ झालात की सोडणारा आधार मिळतो. ऑपरेशननंतर मॅनोमेट्री, म्हणजे नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी, केली तर विश्रांतीचा दाब पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो आणि दाबाचा पट्टा लांब झालेला दिसतो. ‘व्हॉल्व्ह घट्ट झाला’ म्हणतात ते हेच. पण माझ्या मते खरा फायदा दुसरीकडे आहे. घुमटच वेढ्यात गुंतल्यामुळे तो पूर्वीसारखा ताणला जात नाही, ताण नाही म्हणून ‘दार उघड’ हा संदेश कमी जातो आणि आपोआप सैल पडण्याचे ते प्रसंग साधारण निम्म्यावर येतात. जे उरतात त्यांतही दार पूर्ण उघडत नाही, त्यामुळे आम्ल वर येणं आणखी कमी होतं.

आणि इथेच देणंही सुरू होतं. घास गिळतानाही दार पूर्वीइतकं पूर्ण उघडत नाही. स्नायू सैल पडला तरी बाहेरचा वेढा पूर्ण सैल पडत नाही, त्यामुळे सर्वांत सैल अवस्थेतला दाबही पूर्वीपेक्षा थोडा जास्त राहतो. अन्ननलिकेची ढकलण्याची ताकद चांगली असेल तर ती या अडथळ्यावर सहज मात करते, पेशंटला कळतही नाही. ताकद कमी असेल तर घास अडकतो. म्हणून दाब जितका जास्त तितकं ऑपरेशन चांगलं, असं मुळीच नाही. पूर्ण ३६० अंशांचा वेढा आणि मागून २७० अंशांचा अर्धवट वेढा, जो आंद्रे तुपे यांनी १९६३ मध्ये सांगितला, यांची तुलना केली तर अर्धवट वेढ्याने दाब कमी वाढतो, पण रिफ्लक्स जवळजवळ तितकाच आटोक्यात राहतो आणि घास अडकणं, पोट फुगणं यांचा त्रास कमी होतो. माझ्याकडे आता बहुतेकांना मी २७० अंशांचाच वेढा घालतो. चांगल्या हातांनी केलेला सैल पूर्ण वेढाही उत्तम चालतो, त्यामुळे तुमचे सर्जन पूर्ण करत असतील तर ते चूक आहे असं समजू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. तुमचा स्नायू कापला जात नाही, त्याची ताकद ऑपरेशनने वाढत नाही आणि निकामीही होत नाही. वेढ्याचे टाके अन्ननलिकेच्या बाहेरच्या थराला हलकेच पकडतात, आत जात नाहीत. काही कारणाने वेढा सोडवावा लागला तर स्नायू बहुतेक वेळा पूर्वीच्याच वागणुकीवर येतो, म्हणजे रिफ्लक्स परत. अपवाद एकच: वेढा फार आवळ झाला आणि तो तसाच वर्षानुवर्षं राहिला तर वरची अन्ननलिका अडथळ्याशी झगडून थकते, फुगते. म्हणून नंतर घास अडकत राहिला तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये.

पहिल्या प्रश्नातला ‘कायमचा’ हा शब्द मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही. टाके विरघळत नाहीत, पण ते ज्या पडद्याला घातलेत तो जिवंत स्नायू आहे, श्वासागणिक हलतो. स्वीडनमध्ये २,६५५ पेशंटचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी पाचेक वर्षांत १७.७ टक्के लोकांचा रिफ्लक्स परत आला. त्यातल्या बहुतेकांना पुन्हा गोळ्या लागल्या, थोड्यांना दुसरं ऑपरेशन. उलट बाजूही सांगतो. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, जी २०११ मध्ये आली, गोळ्यांना चांगला प्रतिसाद असलेल्या लोकांचे दोन गट केले. पाच वर्षांनी इसोमेप्राझोल (पॅन्टोप्राझोलच्याच जातीची गोळी) घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी ८५ टक्के लोकांचा त्रास आटोक्यात होता. म्हणजे दोन्ही मार्ग चांगले. तुमच्यासारख्या, गोळीने बरं वाटणाऱ्या माणसासाठी ऑपरेशन ही गरज असेलच असं नाही, ती निवड असते. ज्यांना गोळीने जळजळ थांबते पण वाकल्यावर, झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येतच राहतं, त्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त जाणवतो. कारण गोळी आम्ल कमी करते, दार बंद करत नाही.

आता ढेकर आणि उलटी. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ढेकर त्याच दारातून येतो जे आपण राखायला बसलोय, त्यामुळे तो कमी होणारच. पूर्ण वेढ्यानंतर काहींना अजिबात येत नाही, अर्धवट वेढ्यानंतर बहुतेकांना थोडाफार येतो. जी हवा वर जात नाही ती खाली जाते, त्यामुळे पोट फुगणं आणि वारा सरणं वाढतं. पहिल्या काही महिन्यांत जास्त, पुढे बऱ्याच जणांचं कमी होतं. उलटीही अवघड होते, काहींना नुसत्या कोरड्या उमाळ्या येतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत या उमाळ्या वेढ्याला घातक असतात, म्हणून आम्ही उलटी थांबवणारी औषधं आधीपासूनच देतो.

पण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी ढेकरांची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई आल्या होत्या, कळव्याच्या. जळजळ होती, रिफ्लक्स सिद्ध झालेला होता. पोट फुगतं आणि ढेकर येतात हेही त्या सांगत होत्या, मी ते रिफ्लक्सच्याच खात्यात टाकलं. पूर्ण वेढा घातला. जळजळ शंभर टक्के गेली. सहा महिन्यांनी त्या माझ्यासमोर बसून रडल्या, म्हणाल्या, “डॉक्टर, जळजळ होती तेव्हा निदान जेवायला तरी येत होतं.” दोन चपात्यांत पोट ढोलासारखं व्हायचं आणि हवा वर यायला वाटच नाही. त्यांच्या त्रासाचा मोठा भाग हवा गिळण्याचा होता आणि तो मी विचारलाच नव्हता. पुढे आहार, श्वासाचे व्यायाम, औषधं यांनी त्या बऱ्यापैकी सावरल्या, पण ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी ओपीडीत ढेकरांकडे लक्ष देऊन बघतो. काही लोक नकळत हवा अन्ननलिकेतच ओढून घेतात आणि लगेच बाहेर टाकतात, ती जठरात जातच नाही. एका मिनिटात सात-आठ ढेकर. त्यांना गप्पांत गुंतवलं, मुलांच्या शाळेबद्दल, गावाबद्दल विचारलं, की पाच-पाच मिनिटं एकही ढेकर येत नाही. झोपेतही येत नाही. हा प्रकार एलईएसचा नाही आणि ऑपरेशनने जाणार नाही. त्याला पोटाने श्वास घेण्याचा सराव, कधी स्पीच थेरपिस्टची मदत लागते. तुमचे ढेकर जेवणानंतरच येतात की दिवसभर, बोलण्यात गुंगलात की थांबतात का, हे दोन-तीन दिवस घरच्यांना बघायला सांगा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर ऑपरेशन स्नायू दुरुस्त करत नाही, त्याला जागेवर आणून बाहेरून आधार देतं. त्या आधाराने आम्ल वर येणं कमी होतं, तसंच घास खाली जाण्याची आणि हवा वर येण्याची मोकळीकही थोडी कमी होते. हा सौदा तुमच्यासाठी फायद्याचा आहे का, हे ठरवायला तुमच्याकडे अजून पुरेशी माहिती नाही. ग्रेड ए म्हणजे अगदी बारीक ओरखडे. ते रिफ्लक्स नसलेल्या माणसातही दिसतात, त्यामुळे तो पक्का पुरावा धरला जात नाही.

म्हणून दोन तपासण्या. पहिली २४ तासांची पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेतली आम्लता मोजणं, शक्यतो इम्पिडन्ससह, म्हणजे आम्ल नसलेलं पाणी किंवा हवा वर आली तरी कळतं. नाकातून बारीक वायर, तिचा सेन्सर एलईएसच्या पाच सेंटिमीटर वर, कमरेला छोटा रेकॉर्डर. तुमचा रिफ्लक्स अजून सिद्ध झालेला नाही, म्हणून ही सात दिवस गोळी बंद ठेवून करायची. ते सात दिवस जड जातील, मधल्या काळात साधं अँटासिड चालतं का ते डॉक्टरांना विचारा, शेवटच्या दिवशी तेही नको. त्या दिवशी रोजचं जेवण जेवा, रोजची कामं करा. मामलेदारची मिसळ खाल्ली की त्रास होतो, असं एक पेशंट मला सांगायचे, पण तपासणीच्या दिवशी घाबरून दहीभात खाऊन बसले, मग रिपोर्टला अर्थ काय राहणार? चोवीस तासांपैकी ६ टक्क्यांहून जास्त वेळ पीएच ४ च्या खाली असेल तर रिफ्लक्स नक्की. ४ टक्क्यांच्या आत असेल तर जळजळीचं कारण बहुधा दुसरं आहे आणि ऑपरेशनने निराशाच पदरी येते. मधल्या आकड्यात बाकीच्या गोष्टी जोडून बघाव्या लागतात.

दुसरी, हाय रिझोल्यूशन मॅनोमेट्री. ही मी कुणालाही वगळू देत नाही. प्रत्येक हॉस्पिटलात ती नसते, त्यासाठी कदाचित एक दिवस मुंबईला जावं लागेल, पण जा. नाकातून सेन्सर असलेली नळी घालतात आणि चमचाभर पाणी दहा वेळा गिळायला सांगतात. समोरच्या पडद्यावर कमी दाब निळा, जास्त दाब लाल. घोट गिळला की वरून खाली तिरका रंगीत पट्टा सरकत येतो, तो अन्ननलिकेचा जोर. खाली आडवा पट्टा असतो, तो एलईएस, आणि घोटाबरोबर तो फिका पडायला हवा. कोपरखैरण्याचे एक गृहस्थ तीन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन माझ्याकडे ऑपरेशनसाठी आले होते, तुमच्यासारखीच आंबट पाण्याची तक्रार. मॅनोमेट्रीत खालचा पट्टा एकदाही फिका पडला नाही आणि वरून येणारा पट्टा नव्हताच. अकॅलेझिया. त्यांचं दार सैल नव्हतं, उघडतच नव्हतं. तोंडात येत होतं ते आम्ल नव्हतं, अन्ननलिकेत अडकून आंबलेलं अन्न होतं. त्या बंद दारावर मी वेढा घातला असता तर त्यांना पाणीही गिळता आलं नसतं.

या तपासण्या होईपर्यंतचं काही. पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, जेवून मग नाही. सहा वर्षांत हे तुम्हाला कोणी सांगितलं का, मला शंका आहे, कारण अर्ध्याअधिक पेशंटना सांगितलेलं नसतं. रात्रपाळीच्या आठवड्यात ‘सकाळी उपाशीपोटी’ या सूचनेला अर्थ नाही, तुमचं मोठं जेवण ज्या वेळी असेल त्याच्या आधी घ्या. पाळीवरून परत येऊन नाश्ता करून लगेच आडवे होता का? जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, जमत नसेल तर निदान झोपण्याआधीचं खाणं हलकं ठेवा. डाव्या कुशीवर झोपा, त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो १५-२० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या जास्त उश्यांनी मान वाकते आणि पोट दाबलं जातं. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं काही असेल तर निकोटीन हा स्नायू खरोखर सैल करतं. अ‍ॅम्लोडिपिननेही तो थोडा सैल पडतो. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, पण दुसरी चालेल का हे फिजिशियनना विचारा. पोटाचा घेर वाढला असेल तर पाच-सात किलो कमी झाल्यावर कितीतरी लोकांचा ऑपरेशनचा विषयच मागे पडलेला मी पाहिलाय. बीएमआय ३५ च्या वर असेल तर वेढ्यापेक्षा गॅस्ट्रिक बायपासचा, म्हणजे जठर लहान करून वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचा, विचार जास्त योग्य ठरतो, कारण तेवढ्या दाबापुढे वेढा टिकत नाही.

घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शी, हिमोग्लोबिन कमी होणं, यांतलं काही सुरू झालं तर थांबू नका. आणि चालताना, जिने चढताना छातीत होणारी जळजळ ही अ‍ॅसिडिटी समजू नका, तुम्हाला बीपी आहे, आधी ईसीजी काढा.

समजा ऑपरेशन ठरलंच, तर पुढचे दिवस कसे असतात तेही सांगतो. दीड-दोन तासांचं काम, दोन दिवसांत घरी. खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, दोन-तीन दिवसांत जातो. वेढ्याच्या जागी सूज असते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे घास अडखळणं जवळजवळ ठरलेलंच. पहिला आठवडा पातळ: पेज, वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग मऊ खिचडी, उपमा, दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवलेली पोळी. भाकरी, सुका भात, पाव, मटणाचे तुकडे किमान सहा आठवडे नाही. पाव चावून गोळा होतो आणि तोच सर्वांत जास्त अडकतो, त्यामुळे वडापाव सगळ्यात शेवटी. सोडा आणि कोल्ड्रिंक नाही, कारण त्यातली हवा वर येणार नाही. जड उचलणं सहा आठवडे बंद. तीन महिन्यांनंतरही घास अडकत असेल तर बेरियमचा फोटो आणि स्कोपी करून बघतो, बऱ्याचदा फुग्याने तो भाग ताणून काम होतं, क्वचित वेढा बदलावा लागतो.

सर्जनना भेटाल तेव्हा विचारा: पूर्ण वेढा घालणार की अर्धवट आणि का, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, नंतर घास अडकला तर काय करता. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

दोन्ही रिपोर्ट आले की मला तीन गोष्टी कळवा: पीएच ४ च्या खाली असलेल्या वेळेचा टक्का, मॅनोमेट्रीत दहापैकी किती घोट नीट खाली उतरले, आणि घोटाबरोबर खालचा पट्टा सैल पडला की नाही. आणि घरच्यांनी मोजलेले ढेकर. त्यावर अर्धवट वेढा, पूर्ण वेढा की नुसती गोळीची वेळ बदलणं, हे नीट बोलता येईल.